साठ शनिवारांचा वायदा

माझा उजवा हात तीस वर्षं दुसऱ्याच्या रुमालाखाली होता.

लोकांना वाटतं जनावरांचा व्यापार म्हणजे डोळ्यांचं काम. डोळे लागतातच, पण सौदा होतो हातानं. काष्टीच्या बाजारात गाय उभी असते. एका अंगाला विकणारा, दुसऱ्या अंगाला घेणारा, मध्ये दलाल. दलाल खांद्यावरचा रुमाल हातावर टाकतो आणि त्याच्याखाली बोटं धरून भाव सांगतो. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, सगळा पंजा धरला की पाच. हजार की दहा हजार, ते गाय बघून ज्याचं त्यानं समजायचं. ज्याला समजत नाही त्यानं बाजारात येऊ नये. तोंडानं मात्र सगळे पावसापाण्याचं बोलत असतात. भाव तिघांपलीकडे चौथ्याला कळत नाही.

आम्हाला लोक हेडी म्हणतात. शब्दात जरा हेटाळणी आहे, ती मी कधीच मनाला लावून घेतली नाही. माझे आईबाप पाथर्डीकडचे, दरसाल कोयता घेऊन ऊसतोडीला जाणारे. मी दुसऱ्यांची जनावरं पायी बाजाराला नेण्यापासून सुरुवात केली आणि पन्नाशीला आलो तेव्हा केडगावात माझं घर होतं, शेजारी एक मोकळा प्लॉट होता, दारात पिकअप होती आणि बाजारात मला 'बबनशेठ' म्हणत होते. कुणाच्या वशिल्यानं नाही. भाव करून.

बाहेरच्या माणसाला हा धंदा समजावायचा तर एकच शब्द सांगतो. वायदा. शेतकऱ्याकडून गाय घेताना आम्ही थोडा इसार देतो आणि बाकीची रक्कम पंधरा दिवसांनी द्यायचं तोंडी कबूल करतो. तेवढ्यात ती गाय विकून पैसे उभे करायचे. कागद नाही, सही नाही. म्हणजे हेड्याचं भांडवल बँकेत नसतं, ते लोकांच्या कानात असतं. वायदा पाळणारा हेडी खिशात दहा हजार घेऊन बाजारात शिरतो आणि पाच गाया घेऊन बाहेर पडतो. वायदा मोडलेला हेडी लाखभर रुपये घेऊन हिंडला तरी त्याला लोक गाईच्या कासेला हात लावू देत नाहीत.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. राहात्याचे एक निवृत्त गुरुजी गाय घ्यायला आले ते मोजपट्टी आणि वही घेऊन. गाईची लांबी मोजली, उंची मोजली, वहीत लिहिली आणि मला म्हणाले, "दिवसाला किती दूध देईल, तेवढं लिहून द्या."

मी म्हणालो, "गुरुजी, तुमच्या वर्गातली पोरं किती मार्क पाडतील, ते तुम्ही कधी कुणाला लिहून दिलं होतं का?"

गुरुजींनी वही मिटली आणि गाय घेतली. त्यानंतर दर महिन्याला त्यांचा फोन यायचा. दूध किती निघतं ते लिटरात सांगायचे आणि ठेवून द्यायचे. पुढे माझं सगळं बुडालं तेव्हाही त्या महिन्याचा फोन आला. "बबनराव, गाय चौदा लिटर देते आहे. तुमचं कसं चाललंय?"

मी काही फार सरळ होतो असं समजू नका. बाजाराच्या आदल्या दिवशी गाईची धार काढायची नाही, दूध तुंबवायचं, म्हणजे सकाळी कास फुगून दिसते. हे सगळेच करतात. मीही केलंय. रात्रभर ती जनावरं पाय बदलत उभी राहतात. आता आठवलं की बरं वाटत नाही.

माझं दिवाळं निघालं ते तीन वर्षांपूर्वी. परराज्यातल्या एका व्यापाऱ्यासाठी मी एकदम चौतीस गाया उचलल्या होत्या. काही पतसंस्थेच्या कर्जावर, बाकीच्या वायद्यावर. त्याच आठवड्यात जनावरांच्या अंगावर गाठी उठणारा रोग पसरला. बाजार बंद झाले, वाहतूक बंद झाली. अकरा गाया माझ्या डोळ्यांदेखत गेल्या. उरलेल्यांना कुणी गिऱ्हाईक नव्हतं आणि चारा तर रोज लागत होता. परराज्यातल्या व्यापाऱ्यानं फोन उचलणं बंद केलं.

बाजार पुन्हा भरला तेव्हा मी गेलो. गुलाबभाई म्हणजे माझा वीस वर्षांचा दलाल, माझ्या किती सौद्यांत त्याचा रुमाल होता त्याला गणती नाही. मी सवयीनं हात पुढे केला. त्यानं हातावरचा रुमाल उचलला, खांद्यावर टाकला आणि म्हणाला, "आज राहू द्या, बबनराव." शेठचा राव झाला होता. महिन्याभरात बबन्या झाला.

मी वकील गाठला. त्यानं नादारीचा अर्ज तयार केला. म्हणजे कोर्टाला सांगायचं की माझ्याकडे देण्यासारखं काही उरलं नाही. अर्ज हातात आल्यावर माझ्यातला हेडी जागा झाला. मला वाटलं, हे तर हत्यार आहे. मी तो अर्ज दाखल केलाच नाही. खिशात घालून पतसंस्थेत गेलो. संस्थेचं नाव लिहीत नाही, हे छापणाऱ्या संपादकांनी तशी तंबी दिली आहे. मॅनेजरच्या टेबलावर अर्ज ठेवला आणि म्हणालो, "चौदा लाख मागताय. हा कोर्टात गेला तर चौदा रुपये मिळायचे नाहीत. बोला, कितीत सोडता?"

तीन दिवस घासाघीस चालली. मी दोनदा उठून गेलो, एकदा पाण्याचा पेला आपटला. शेवटी साडेआठावर तुटलं. प्लॉट आणि पिकअप विकून पैसे भरले, आता काही देणं नाही असा बेबाकी दाखला घेतला. मॅनेजरनं मला पेढा दिला. बाहेर येऊन मी बायकोला फोन लावला. "सुमन, साडेपाच लाख वाचवले. आयुष्यातला सगळ्यात मोठा सौदा केला!"

ही माझी चूक. ती कळायला वर्ष लागलं.

तोच हिसका मी गावोगावच्या लोकांना दाखवला. ज्यांचे वायदे थकले होते त्यांच्या दारात जाऊन अर्ज पुढे धरायचा आणि निम्म्यावर तोडायचं. लोकांनी निम्मे घेतले आणि पाठ फिरवली. शेवटी एकच नाव राहिलं. कांताबाई.

श्रीगोंद्याच्या वाटेवर कांताबाईचा गोठा आहे. नवरा वारल्यावर तिनं तो एकटीनं वाढवला. वयानं माझ्याच बरोबरीची. बाजारात गाय विकायला स्वतः यायची आणि तिच्यापायी दलालांची पंचाईत व्हायची, कारण बाईमाणसाचा हात रुमालाखाली धरायचा कसा? माझा तिच्याशी सौदा झाला तेव्हा गुलाबभाई रुमाल हातात घेऊन नुसता उभा होता. कांताबाई म्हणाली, "देवानं तोंड दिलंय की. बोला." मग भर बाजारात, शंभर माणसांच्या कानांदेखत आमचा भाव झाला. अडुसष्ट हजार. आठ हजार इसार दिला. साठ राहिले. ते राहिलेच.

मी तिच्या गोठ्यावर गेलो तेव्हा ती दुधाचे कॅन घासत होती.

"या शेठ," ती म्हणाली. मला वाटलं टोमणा मारतेय. माझं टाळकं तिथंच सरकलं. मी खिशातून नोटांचं बंडल काढलं.

"तीस आणलेत. रोख. घ्या आणि मिटवून टाका."

ती कॅन घासतच होती. "भाव काय झाला हुता?"

"अडुसष्ट."

"इसार?"

"आठ."

"मंग ऱ्हायलं किती?"

"साठ."

"मंग हे तीस कशाचं?"

मी आवाज चढवला. अर्ज दाखवला. पतसंस्थेनं एवढे लाख सोडले, अमक्यानं निम्मे घेतले, तमक्यानं निम्मे घेतले, तुम्ही कोण मोठ्या लागून गेलात, सगळं बोललो. ती शांतपणे ऐकत होती. गाया मात्र बुजल्या.

"त्यांनी तुमाला सोडलं, शेठ," ती म्हणाली. "मी न्हाई सोडत."

"मग काय, कोर्टात जाणार?"

"कोर्टात कशाला? सगळ्या बाजारानं ऐकलेला भाव हाय. गाय दावणीला हाय तवर घासाघीस करायची. झालेल्या भावावर न्हाई. साठ हजार द्यायचं हायती. जमंल तसं द्या."

"मग हे तीस तरी ठेवा."

तिनं पहिल्यांदा नोटांकडे पाहिलं. "हे आनलं कुठनं?"

खोटं बोलायची माझी तयारी होती. का कुणास ठाऊक, बोललो नाही. "बायकोच्या पाटल्या."

"मंग घरी न्या. पाटल्या सोडवा." तिनं कॅन उपडा ठेवला. "मला तुमच्या कमाईचं पायजेत. दर शनवारी हजार. मी बाजारात पेंडीच्या दुकानापाशी बसती."

केडगावला परत येईपर्यंत मी तिला शिव्या देत होतो. सुमननं पाटल्या हातात घातल्या आणि म्हणाली, "त्या बाईला एकदा बघायला पाहिजे."

आता कमाई आणायची कुठून? गाय घ्यायला कुणी वायदा देत नव्हतं. पण पारख तर कुठं गेली नव्हती. नवख्या शेतकऱ्याबरोबर बाजारात हिंडायचं, गाईचे दात बघायचे, सड तपासायचे, कास तुंबवलेली आहे की खरी आहे ते सांगायचं आणि पाचशे रुपये घ्यायचे. तीस वर्षांच्या लबाड्या मला ठाऊक होत्या, आता त्या पकडायचे पैसे मिळू लागले. पहिलं गिऱ्हाईक कांताबाईनंच पाठवलं होतं. ते मला फार उशिरा समजलं.

पहिल्या शनिवारी मी तिला हजार रुपये दिले. मला वाटलं गुपचूप कनवटीला लावेल. तिनं दहा नोटा एकेक करून मोजल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "शेठचं हजार आलं! आता एकोनसाठ ऱ्हायलं."

सगळा बाजार वळून बघायला लागला. जमीन दुभंगावी असं वाटलं मला. दुसऱ्या शनिवारी तेच. "अठ्ठावन ऱ्हायलं!" तिसऱ्या शनिवारी मी चिडून म्हणालो, "कांताबाई, गावभर दवंडी कशाला?"

"भाव दवंडीनंच झाला हुता," ती म्हणाली. "फिटनार बी तसंच."

एकदा माझी कमाई बरी झाली. मी दोन हजार पुढे केले. तिनं एक ठेवून घेतला, एक परत दिला. "ठरलं ते हजार. पुढच्या शनवारचं पुढच्या शनवारी."

असे वीस-बावीस शनिवार गेले. जुनी पिकअप घ्यावी म्हणून मी नगरला एका बँकेत कर्ज मागायला गेलो. बेबाकी दाखला दाखवला, छाती काढून बसलो. कर्ज बघणारी मुलगी तरुण होती, बोलायला नम्र. तिनं कॉम्प्युटरवर माझं नाव घातलं आणि पडदा माझ्याकडे वळवला.

"काका, तुमच्या खात्यावर 'तडजोडीनं बंद' असा शेरा आहे."

"बंद आहे ना? मग झालं तर."

"पूर्ण फेडून बंद केलं असतं तर गोष्ट वेगळी होती. तडजोड म्हणजे संस्थेनं नुकसान सोसलं, असं दिसतं. हा शेरा बरीच वर्षं राहतो. कुठलीही बँक आधी तोच बघते."

"मी साडेपाच लाख वाचवले होते!"

"हो काका," ती म्हणाली. "तेच लिहिलंय इथं."

तिनं वाईट वाटून घेतलं, चहा मागवला, मार्गही सांगितले. एक तर उरलेली रक्कम भरून शेरा बदलून घ्यायचा. नाहीतर लहानपासून सुरुवात करायची. बँकेत वीस हजारांची ठेव ठेवायची, त्या ठेवीच्या जोरावर कार्ड घ्यायचं, दर महिन्याला थोडंसं वापरायचं आणि तारखेच्या आत फेडायचं. "हळूहळू नोंदी चांगल्या होत जातात," ती म्हणाली. "वेळ लागतो."

मी तिथून उठलो तो तडक पतसंस्थेत. मॅनेजरच्या केबिनचं दार लाथेनंच उघडलं. "शेरा लागणार हे ठाऊक होतं ना तुम्हाला? मग पेढा कसला चारलात?"

तो थंडपणे म्हणाला, "बबनराव, भाव तुम्ही केलात. आम्ही फक्त दिला."

भाव मीच केला होता, हे खरं. पण राग गेलेला नाही, तो इथं छापील स्वरूपात ठेवतो. अडाणी माणसानं पेला आपटला तरी शिकलेल्या माणसानं त्याला कागदाची पाठची बाजू दाखवायला हवी. दूध तुंबवून गाय विकणाऱ्यात आणि त्याच्यात मला तरी फरक दिसत नाही.

त्या संध्याकाळी घरी बसलो होतो तेव्हा कांताबाईचं बोलणं आठवलं. 'त्यांनी तुमाला सोडलं, शेठ.' बँकेतल्या मुलीनं पडदा फिरवून जे दाखवलं ते या बाईनं कॅन घासता घासता सांगितलं होतं, आणि तिच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. सगळ्यांनी मला सूट देऊन हिशेबातून काढून टाकलं होतं. एकटीनं सूट दिली नाही, म्हणून एकाच ठिकाणी मी अजून देणेकरी होतो, म्हणजे देईल असा माणूस होतो.

दुसऱ्या दिवशी ठेव ठेवली, कार्ड घेतलं. दर महिन्याला त्यावर सुमनच्या गोळ्या-औषधं आणतो आणि तारखेच्या आत भरतो.

चाळिसाव्या शनिवारानंतर बाजारात एक गंमत सुरू झाली. मी पेंडीच्या दुकानाकडे निघालो की चहावाला ओरडायचा, "बबनराव, आज किती ऱ्हायलं?" क्रिकेटच्या धावा विचाराव्यात तसं. बबन्याचा राव परत झाला होता, ते माझ्या ध्यानात नंतर आलं. बाकी सगळ्या बाजाराचे भाव रुमालाखाली होतात. माझं एकट्याचं देणं उघड्यावर फिटत होतं आणि शेकडो कान साक्षीला होते. असा दाखला कुठलंही कोर्ट देत नाही.

त्याच सुमारास पेंडवाल्यानं मला बोलता बोलता सांगितलं की त्या साठ हजारांत कांताबाई कडबाकुट्टीचं यंत्र घेणार होती. पैसे अडकले म्हणून ती रोज पहाटे कोयत्यानं चारा तोडत होती. चाळीस शनिवार झाले होते. माझ्या आईच्या हाताला कोयत्याचे घट्टे होते. मला ते आधी ठाऊक असतं तर पाटल्या विकून पैसे तिच्या पायाशी ठेवले असते. तिनं ते मला ठाऊकच होऊ दिलं नाही.

शेवटच्या शनिवारी मी दहा नोटा दिल्या. तिनं नेहमीसारख्याच मोजल्या.

"शेठचं हजार आलं! काय ऱ्हायलं न्हाई!"

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आमच्याकडं तशी रीत नाही. चहावाल्यानं न विचारता चहा आणला. मी जायला वळलो तर ती म्हणाली, "थांबा. गाय आनलीय. दुसऱ्या येताची हाय, बघून घ्या."

मी बघितली. दुसऱ्यांदा व्यालेली, गाय उत्तम होती. कास तुंबवलेली नव्हती.

"माझ्याकडं इसारापुरते पाच आहेत," मी म्हणालो.

"वायदा पंधरा दिसांचा. ऐंशी हजार." आवाज तोच, खणखणीत. बाजार ऐकत होता. गुलाबभाईही होता.

ती नव्वद म्हणाली असती तरी मी मान डोलावली असती. मी म्हणालो, "तुम्ही म्हणाल ते."

कांताबाईचा चेहरा एकदम उतरला. "असं काय करता? भाव करा की!"

"तुमच्याशी कसला भाव करू, ताई?"

"वा रं वा! बिनभावाची गाय मी गोरगरिबाला दान देती. हेड्याला न्हाई देत. करायचाय का सौदा, का सोडू दुसऱ्याला?"

मी नाक पुसलं आणि पुन्हा गाईपाशी गेलो. दात बघितले, सड दाबले. "मागचा डावा सड जरा बारीक आहे. सत्तर."

"बारीक तुमची नजर झालीया. अठ्याहत्तर."

"बाहत्तर. चालताना पाय फाकते."

"पोटभर दूध हाय कासंत, फाकंल न्हाई तर काय नाचंल? सत्त्याहत्तर."

लोक गोळा झाले. पाऊण तास आम्ही भांडलो. मी एकदा निघून गेलो, तिनं एकदा दावं सोडलं. पंचाहत्तरावर तुटलं. माझा घसा बसला होता आणि कित्येक दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं. कांताबाई पदरानं तोंड पुसत हसत होती. गुलाबभाई पुढे आला. "बबनशेठ," तो म्हणाला, "पलीकडं एक खिलार जोडी आलीय. हात द्या." आणि त्यानं रुमाल काढला.

बँकेतला शेरा अजून तिथंच आहे. ती मुलगी म्हणते, नोंदी सुधारतायत.

ती गाय मी नवव्या दिवशी राहात्याच्या गुरुजींच्या जावयाला विकली. वायदा रविवारचा होता. मला धीर निघेना. शनिवारीच बाजार उठल्यावर सत्तर हजार घेऊन कांताबाईच्या गोठ्यावर गेलो. आत कडबाकुट्टीचं यंत्र घरघरत होतं, हप्त्यानं घेतलेलं. तिनं ते बंद केलं आणि माझ्या हातातल्या पिशवीकडे बघितलं.

"वायदा उद्याचा हाय," ती म्हणाली.

"आलोच आहे तर घ्या आजच."

"का? उद्यापतूर तुमचा तुमच्यावर भरवसा न्हाई?" तिनं यंत्राचं बटण पुन्हा दाबलं. "उद्या या, शेठ."

मी पैसे घेऊन केडगावला परत आलो. पिशवी उशाला ठेवून गाढ झोपलो. आणि रविवारी गेलो.